मागीलदारचा खड्डा

१२ नोव्हेंबर, बुधवार

गाडी आली, घंटा वाजवली, साऱ्या वाडीचा कचरा घेतला आणि आमची बादली तशीच ठेवून गेली. गाडीवरचा माणूस तोंड फिरवून म्हणाला, "माई, हॉटेलवाल्यांचो ओलो कचरो आजपासून बंद. तुमचो तुमी जिरवा."

बरंय. लोकांना जेवू घालायचं आम्ही आणि त्यांनी टाकलेलं जिरवायचं पण आम्हीच.

माझा मुलगा सदानंद पंचायतीच्या बैठकीला गेला होता, तो तोंड पाडून आला. नियम असा — खानावळ असो, लॉज असो, ओला कचरा आपल्याच आवारात कुजवून खत करायचं. ठरलेल्या वजनाच्या आत असाल तर खड्डा चालेल. वर गेलात तर मशीन घ्या, त्याला शेड बांधा, त्याला वीज द्या. महिन्याने तालुक्याहून बाई येणार आणि आमच्या देखत बादली काट्याला लावणार. आम्हाला आता 'आस्थापना' म्हणतात म्हणे. एवढं मोठं नाव, आणि कचरा उचलायला माणूस नाही.

मशीन आम्हाला झेपणारं नाही. सदानंदने जेवता जेवताच सांगून टाकलं — "वजन वर गेलां तर रांधप बंद करूया. चार खोल्यो आसत, त्यो भाड्यान देवया. लोक भायर जेवतीत."

दारावर पाटी आहे, 'माईची खानावळ'. चाळीस वर्षं त्या पाटीखालून लोक आत येतायत. मी विचारलं, "मगे पाटीर काय लिवतलंस? माईच्यो खोल्यो?"

हसला नाही. म्हणजे ठरवूनच आलाय.

मला अक्षर येत नाही. ही वही शेजारची मरियम लिहिते. दुपारचा नमाज झाला की आमच्या मागच्या पडवीत येऊन बसते आणि जाताना वही आपल्या घरी नेते, कारण आमच्या घरात वाचणारे फार. मी मालवणीत बोलते, ती शाळेतल्या मराठीत लिहिते. समोरासमोरचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिही म्हणून बजावलंय. शिव्यांसकट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खड्डा खणून झाला. मागीलदारी, न्हाणीच्या पलीकडे, दोन माडांच्या मधोमध. त्यावर मला नेमलं. सुभद्रा आमच्याकडे वाढते, भांडी घासते, तिने साफ सांगितलं, "मी घराक जायन, पण ह्यां करूचंय नाय." सून सारिका दिवसभर चुलीपुढे, मासे-वडे-भात सगळं तिच्याकडे. नात अवनी फोनवर खोल्या भरते, तिच्या नखांना रंग. उरले मी. सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटप भाजायचं, कोंबडीचा रस्सा आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करायचं, की मी मोकळी. रस्सा माझा, बाकी कोणाचंही असो — हा आमच्या घरातला जुना नियम, पंचायतीच्याही आधीचा.

पंचायतीने कागद दिलाय, अवनीने वाचला. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर वाळका पाला दुप्पट, त्यावर माती, आठवड्याने वरखाली. दुप्पट पाला! पातेरा झाडून आणते मी, तो न्हाणीच्या चुलीला लागतो. पाहुण्यांना दोन वेळा ऊन पाणी हवं असतं. त्यांच्या आंघोळीचा पाला त्यांच्याच उष्ट्याला घालू? मूठभर घालते. खड्ड्याला कुठे लग्नाला जायचंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

ताणकाटा टांगला. मला आकडे कळत नाहीत, म्हणून अवनीने आपल्या नखांच्या रंगाने त्यावर रेघ मारून दिली. काटा रेघेच्या वर गेला की वाईट. आज पुष्कळ वर.

बादली मी काठीने उकरून बघते. सुभद्रा म्हणते, "शी गो माई." शी काय त्यात? लोक तोंडावर गोड बोलतात, खरं काय ते बादलीत. पुण्याकडचे मासा खातात ते ऑपरेशन केल्यासारखं, मधलं तेवढं काढून घेतात, डोकं-शेपटी जागच्या जागी. मुंबईची पोरं वडा फोडून वाफ बघतात आणि विसरतात. कोल्हापूरकडचं एक कुटुंब आलं होतं, त्यांच्या ताटात चघळायला हाडूक शिल्लक नाही. त्यांना मी निघताना नारळ दिला.

पलीकडच्या मोठ्या रिसॉर्टने मशीन आणलंय. अजून वरचं प्लास्टिक काढलेलं नाही. पोती भरून खाडीकडे जातात ती कसली, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त नियमाला नाही. आमच्याकडे मशीन नाही म्हणून आमची बादली बघणार. ज्याच्याकडे लपवायला जागा आहे तो स्वच्छ.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज बादलीत कोंबडीच्या सबंध फोडी. दाताची खूण नाही. आणि रस्सा — जाड, माझाच, टोपातून ओतावा तसा. हे उष्टं नव्हे. उष्ट्यात भाताची शितं असतात, पिळलेलं लिंबू असतं, कोणाचा तरी नाक पुसलेला कागद असतो.

सुभद्राला विचारलं, "गो, ह्यां कोणी टाकलां?" तिने सारिकाकडे बघितलं. सारिका वडे थापत होती. मान वर न करता म्हणाली, "गिऱ्हायकां टाकतत माई."

एवढंच. पंचवीस वर्षं झाली तिच्या लग्नाला. मीठ संपलं हे सांगायला तिला अर्धा तास लागतो, त्यात माहेरच्या दोन गोष्टी येतात. आज तीन शब्दांत आटपलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मरियमला सर्दी झालीय. ओढणी नाकाला लावून लिहिते. घरी बस म्हटलं तर बसत नाही — तिच्या घरात नवी सून आलीय, सासू दिवसभर समोर असली की कंटाळा येत असेल. सुनेला म्हणते मी, मरियमला नव्हे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गिऱ्हाइकं टाकतात ना? मग गिऱ्हाइकांवरच राखण बसवली. दुपारी सारिका "वायच पडा" म्हणत होती तरी पडले नाही, खुर्ची घेऊन पंगतीत जाऊन बसले. हातात काठी. "जेवा पोटभर, पण टाकलात तर घरी बांधून देतलंय." एका पोराने घाबरून कच्चा कांदासुद्धा खाल्ला. ठाण्याच्या एका बाईने माझा व्हिडिओ काढला. तिला मी गंमत वाटले.

ताटं लख्ख परत गेली. रस्सा मागून मागून घेतला लोकांनी. वाट्यांतला रंग मला जरा फिका वाटला, पण माझ्या डोळ्यांचा तरी काय भरवसा.

संध्याकाळी बादली टांगली. काटा रेघेच्या वर. पुन्हा त्याच सबंध फोडी.

गिऱ्हाइकांनी टाकलं नाही. मी बघितलंय. मग टोपभर रस्सा टाकतं कोण, आणि कशासाठी?

सांगते कशासाठी. सारिकाचे गुडघे दुखतात. खोल्या भाड्याने दिल्या की चादरी बदलल्या आणि झालं; चूल नको, पंगत नको, सासू नको. वजन वर जायला हवंय तिला. तोंडाने 'बंद करा' म्हणायची सोय नाही, म्हणून माझा रस्सा बादलीत ओतून नियमाच्या तोंडून म्हणवून घेतेय. हुशार आहे. मीच निवडून आणलेली.

मरियमने पेन थांबवलं. "माई, ह्यां नको लिवया."

म्हटलं, लिही. वही माझी.

२३ नोव्हेंबर, रविवार

माझी रीत सांगते. कोणी विचारलेली नाही.

रांधणारीने पळीला तोंड लावायचं नाही. चाखलं की सगळा टोप उष्टा, मग तो देवाचा असो की गिऱ्हाइकाचा. सासूने पहिल्या दिवशी सांगितलं आणि आजतागायत मी चाखून रांधलेलं नाही. मीठ मुठीने, तिखट रंगाने, वाटप वासाने. कांदा-खोबरं तव्यावर परतताना एक घडी येते. तिच्या अलीकडे कच्चं, पलीकडे कडू. ती घडी नाकाला कळते, डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सारिका मात्र चाखते. पाठ फिरवून चाखते, मला दिसत नाही असं तिला वाटतं.

हल्ली कशातच काही राहिलेलं नाही. धने म्हणजे नुसती टरफलं. तिरफळं लाकडासारखी. उदबत्त्या निव्वळ धूर, पैसे धुराचे घेतात. मरियमच्या भावाने दुबईहून मोगऱ्याचं अत्तर पाठवलं, तिने कौतुकाने माझ्या मनगटाला लावलं — कसला मोगरा आणि कसलं काय. तिला वाईट वाटेल म्हणून 'झकास' म्हटलं. हे आत्ता लिहिताना तिला कळतंय. असो.

पंगत उठली की मी जेवते. रस्सा चांगला झालेला असतो. पूर्वीची चव नाही, पण कोंबड्याच तशा. तरी मनात येतं, असा दुसऱ्या कोणाचा होणार नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अवनी फोनवरून वाचून दाखवत होती, पाहुणे जाऊन काय काय लिहितात ते. "'माईंच्या हातच्या रश्श्याची चव अजून जिभेवर आहे.'" पुन्हा वाच म्हटलं. वाचलं. पुन्हा म्हटलं तर, "आज्जी, बॅटरी संपतली."

चव जिभेवर आणि रस्सा बादलीत. हे कसं जुळतं?

आज मी कोणाला न सांगता रस्सा निम्माच केला. बादली हलकी झाली, बरोब्बर तेवढीच. काटा रेघेला टेकला. आणि पंगतीला रस्सा कमी पडला असं कोणी म्हणालं नाही. खोल्या भरलेल्या, बाहेरची दोन कुटुंबं जेवायला — निम्म्या टोपात जेवली कशी?

सारिकाचा एक बांगडा कधी बादलीत सापडत नाही. काटे तेवढे. जातं ते माझंच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मागच्या खोलीतलं नाशिकचं जोडपं सकाळीच सामान बांधून अवनीपुढे उभं. रात्रभर झोप नाही म्हणे. बाई म्हणाली, "मागे काहीतरी मेलंय."

मी जाऊन पाहिलं. काही मेलेलं नाही. खड्डा आहे तसा आहे, वर चार माश्या. आत येऊन सांगितलं तसं, तर सदानंद म्हणाला, "माई, खराच वास मारता गो."

"तुका शेरातलां नाक कधी फुटलां?"

"नाक न्हय गो. सगळी सांगतत."

सगळी म्हणजे कोण? तर सारिका मध्ये पडली. "मी घालतंय पातेरो. माईक कायएक बोलू नकात."

ती माझ्या विरुद्ध बोलते तेव्हा मला बरं असतं. बाजू घेते तेव्हा धडकी भरते.

मरियमची सर्दी अजून आहे. एवढी सर्दी माणसाला आठवडा आठवडा असते?

१ डिसेंबर, सोमवार

तालुक्याची बाई आज आली. वजनाला नाही, तक्रार गेली म्हणून. नाशिकवाल्यांनी जाता जाता घातली असणार. अवनीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पायात बूट. मागीलदारी येताना लांबच थांबली आणि रुमाल नाकाला लावला.

"आजी, हे आंबलंय. ओलं फार झालं, पाला घातलेलाच नाही. तुम्ही इथे बसता?"

"रोज बसतंय. वही सांगतंय हिका."

"त्रास नाही होत?"

"कसलो?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मरियमकडे. मरियमने मान खाली घातली. ओढणी नाकावर.

मग ती बाई रुमाल काढून जवळ आली. कचेरीतला आवाज नव्हता. "आजी, तुम्हाला वास येतो का?"

मी वाकले. कंबर धरून खड्ड्यात तोंडच घातलं म्हणा ना. पाण्याच्या पिंपावर वाकावं तसं. काही नाही.

"येता," म्हटलं. "वायचसो."

तिने ते खरं मानल्यासारखं केलं. खड्डा नीट करा, बारा तारखेला वजनाला येते, म्हणून गेली. भली असावी. भल्या माणसांचा मला फार राग येतो.

मरियमला विचारलं, "तुजी सर्दी कधी इली आणि कधी गेली गो?"

"माका सर्दी नव्हतीच, माई."

हे पण लिही म्हटलं. लिहिलंय तिने.

२ डिसेंबर, मंगळवार

कोणी उठायच्या आत हिंगाची डबी उघडली. मग फिनेलची बाटली. मग सदानंदच्या होडीच्या डिझेलचं बूच. सगळं एकासारखं एक. पाणी हुंगावं तसं. म्हणजे धने चांगले होते. मरियमचा मोगरा चांगला होता.

तरी नेहमीसारखं वाटप भाजलं, रस्सा केला. हात करतात, त्यांना कोण थांबवणार? सारिका म्हणाली, "माई, वायच पडा." खोलीत गेले. आणि परत आले.

ती माझा टोप बादलीत ओतत होती. सुभद्रा मिक्सरला दुसरं वाटप लावत होती. दुसऱ्या शेगडीवर दुसरी कोंबडी शिजत होती. चोरी करतात तशी गडबड नाही. रोजचं काम करावं तसं, कोण कुठे उभं राहायचं ते ठरलेलं.

"सगळांच टाकतंस?"

सारिकाने टोप खाली ठेवला. "करपता, माई. वाटप रोज करपता. कधी कोंबडीच बिघाडलली असता, तुमका कळणा नाय."

"कधीपासून?"

"पावसात तुमका ताप इल्लो, त्याच्या मागसून."

"आणि कोणाकोणाक ठावक आसा?"

तिने सुभद्राकडे बघितलं. म्हणजे सगळ्यांना. मुलाला, नातीला, भांडीवालीला. वही लिहिणारीलासुद्धा.

"माका सांगूक काय झालां?"

"सांगलां असतां तर काय केलां असतां तुमी?"

मी विचार केला. खोटं कशाला बोलू? "तुका म्हायेराक धाडलां असतां."

"मगे," म्हणाली. टोपाच्या तळाला राहिलेलं पळीत घेऊन माझ्यापुढे धरलं. "चाखून बघा."

चाखलं नाही. रीत म्हणून नव्हे.

म्हणजे पावसापासून रोज दुपारी मी जेवले ते हिच्या हातचं. आणि मनात म्हटलं काय, तर असा दुसऱ्या कोणाचा होणार नाही. मी समजत होते ही चूल बंद पाडायला बसलीय. ही चूल चालवत होती. दोनदा रांधून, गुडघे दुखत असताना.

गाडी होती तोवर बरं होतं. टोपच्या टोप गाडीत गेला, गाव सोडून गेला, कोणी बघितला नाही. नियम आला आणि माझा रस्सा माझ्याच मागीलदारी येऊन बसला.

३ डिसेंबर, बुधवार

सांगायचं काही नाही. मरियम आली, बसली, गेली.

६ डिसेंबर, शनिवार

मंगळवारपासून चुलीकडे गेलेले नाही. बादली टांगते फक्त. काटा रेघेच्या खाली, चांगला चार बोटं खाली. खानावळीला जड काय झालं होतं ते कळलं. माझा हात.

खड्ड्यात पाला दुप्पट घालते आता. नाक नाही तर कागद खरा. अवनी येऊन हुंगून जाते, "आता कमी झालो, आज्जी" म्हणून सांगते. ती सांगेल ते. वास येतो म्हणाली तर येतो, नाही म्हणाली तर नाही. ह्या वयात देव पण असाच दुसऱ्याच्या सांगण्यावर मानायचा असतो.

सदानंद आज मोठ्या प्रेमाने शेजारी बसला. मला तेव्हाच कळलं, काहीतरी मागणार. "माई, रांधू नको तू. नुसती चुलीपुढे बस. नववारी नेस. लोकांका फोटो व्हयो असता."

"आणि हातात पळी?"

"पळी धर की."

"मोकळीच?"

त्याला कळलं नाही. पाटीवर रंगवलेली एक माई आहे, तिला जोडीला चुलीपुढे दुसरी हवीय. पहिलीला निदान जेवायला घालावं लागत नाही. मी त्याला म्हटलं, नाक गेलंय, लाज अजून आहे. गेला उठून.

मरियमवरचा राग आज काढला. इतक्या दुपारी माझ्या शेजारी बसून माझंच लिहिलंस, आणि एक शब्द बोलली नाहीस?

"काय बोलूचां होतां? तू श्रावणात काळ्या वाटाण्याचां सांबारां धाडलंस माका, आठवता?"

"बरां झालां म्हणालंस."

"म्हणालंय. आणि कोंबड्यांका घातलंय."

"कोंबड्यांनी खाल्लां?"

मरियमने माझ्याकडे पाहिलं. "नाय."

मला हसू आलं. मंगळवारपासूनचं पहिलं. मग हसता हसता भलतंच व्हायला लागलं, तेव्हा तिने वही मिटली. आत्ता पुन्हा उघडायला लावून एवढं लिहवून घेतलं.

सारिकाशी अजून बोललेले नाही. ती बोलते. "माई, कांदो महाग झालो." "माई, आज सुरमई बरी मिळाली." मी हूं म्हणते. काय बोलायचं? रागावले असते तर बोलले असते. राग धरायला तिने जागाच ठेवलेली नाही, ह्याचाच राग आहे.

८ डिसेंबर, सोमवार

आज सारिकाने मीठ विचारलं, तिखट विचारलं, वाटप किती भाजू ते विचारलं. पावसापासून रोज भाजतेय आणि मला विचारते. माझा मान ठेवायला. म्हटलं, तुला येतं तसं भाज. आवाज चढला माझा. ती आत गेली.

परवापर्यंत मला फसवत होती ते गोड होतं. आता विचारते ते झोंबतं.

११ डिसेंबर, गुरुवार

उद्या वजन. सदानंद सकाळपासून काट्याला तेल घालतोय. काट्याला तेल घातलं म्हणून तो कमी दाखवत नाही, हे त्याला कोणी सांगावं? अवनीने रेघ पुन्हा रंगवली. सारिकाने उद्याच्या पंगतीचं माप काढलं, वडे मोजून, भात मोजून. मोजलेलं तिच्या हातांनी पुन्हा मोजलं, मग पुन्हा. मुंबईची मोठी पार्टी आहे, एक टोप बिघडला तरी रेघ ओलांडेल, आणि मग आमची चूल बंद.

चूल गेली तर काय जाईल तिचं? मी तेच म्हणत आले इतके दिवस, की तिला नकोच आहे. आज तिचे हात बघितले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पंगत उठल्यावर वजन करायचं ठरलं. तोवर जेवून घ्या म्हटलं तर तालुक्याची बाई जेवली. रश्श्याची वाटी रिकामी करून भर ओसरीत मला म्हणाली, "आजी, तुमच्या हातच्या रश्श्याबद्दल ऐकलं होतं. तसाच आहे." सदानंद जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हात माझो न्हय. माझ्या सुनेचो."

सारिका दारात ऐकत होती, ती तिथेच उभी राहिली. आत घरच्यांसाठी ठेवलेला रस्सा आटून खाली लागला. सुभद्राने ओरडून टोप उचलला आणि बादलीकडे निघाली. मी तिला अडवलं, टोप माझ्या पानाजवळ ठेवून घेतला. भात कालवून जेवले. दोनदा वाढून घेतला, टोपात काही ठेवलं नाही.

काटा रेघेखाली राहिला, खानावळ राहिली. संध्याकाळी सारिकाने विचारलं, "रस्सो कसो लागलो, माई?"

"बरो झाल्लो," म्हटलं.

कडू होता. जिभेला तेवढं अजून कळतं. तिला सांगितलं नाही.